गाव मिळून आले नाही

माझी सून माझ्याच घरात राहते, एवढंच सरकारला पटवून द्यायचं होतं. "त्यात काय एवढं?" असं मी म्हणालो. हे वाक्य आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं त्या त्या वेळी मी तोंडघशी पडलो आहे, आणि आमची ही, यशोदा, ते सगळे प्रसंग पाहुण्यांना तोंडपाठ म्हणून दाखवते. पण मी, दत्ताराम परब, शेजारच्या कट्टा गावच्या हायस्कुलातला निवृत्त हेडक्लार्क. कागद कुठे अडतो, कोणत्या टेबलावर झोपतो आणि कोणी खोकलं की जागा होतो, हे मला नाही कळणार तर कोणाला? मुख्याध्यापक आले नि गेले, माझी खुर्ची जागची हलली नाही. तेव्हा मी काम अंगावर घेतलं.

सून म्हणजे मारिसेल. देश फिलिपीन्स. आमचा सर्वेश पर्यटकांच्या मोठ्या बोटीवर खानसामा होता, ती त्याच बोटीवर कामाला. पुढचं तुम्हीच समजून घ्या, कारण मलाही कोणी नीट सांगितलेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाऊन लग्न कायद्याने नोंदलं आणि दोघं बोट सोडून आमच्या खैरवण्याला येऊन राहिली. सर्वेशने मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायचा धंदा धरला. मासे नुसते बघायला माणसं पैसे मोजतात, हे आमच्या यशोदेला अजून खरं वाटत नाही.

मारिसेल आली होती पर्यटकाच्या व्हिसावर, आणि तो शिमग्याच्या सुमारास संपणार होता. इथल्या मुलाशी लग्न झालं की बाई आपोआप इथली होते, असा माझा समज होता. आपल्याकडे तशीच पद्धत आहे; सरकारकडे नाही. कायमचं कार्ड मिळतं, पण लग्न नोंदून दोन वर्षं झाल्यावर. तोवर जोडीदाराचा व्हिसा घ्यायचा, आणि तो मिळण्यासाठी पोलिसांनी येऊन खात्री करायची की नवराबायको खरोखर एका घरात नांदतात. अहवाल वाकडा गेला तर सून विमानात, आणि तिच्या पाठोपाठ मुलगा पुन्हा बोटीवर. यशोदेने हे सगळं एका दमात सांगून टाकलं, "चेडू गेला तर झील जातलो. मगे आपण दोघा सकाळ-सांज एकमेकांची तोंडां बघीत बसतलो. माका नाय जमूचा." मला तरी कुठे जमणार होतं? पण हेडक्लार्कने असं बोलून दाखवायचं नसतं.

बातमी वाडीत पसरली आणि सल्ले यायला लागले. शेजारचा बाबली सगळ्यांत आधी आला. "तात्यानू, पयला तिचा नाव रेशनकार्डार चढवा. एकदा कार्डार नाव चढला की माणूस खंय जायत नाय." पुरावा म्हणून त्याने आपल्या काकांचं उदाहरण दिलं. काका वारून बरीच वर्षं झाली, पण कार्डावर ते अजून ठणठणीत आहेत आणि साखर खातात.

मग मी कट्ट्याच्या लुईसकडे गेलो. लुईसचं तिथे दुकान आहे, पण खरी ख्याती पोर्तुगालच्या कागदपत्रांची. आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले या आधारावर नातवाचा पासपोर्ट काढून, गोव्याच्या मेव्हण्याच्या मदतीने त्याने निम्म्या पंचक्रोशीतले ख्रिस्ती तरुण लंडनला पोचवले आहेत. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "दत्ताराम, भायर जावचा आसात तर सांग! आजोबाचो जन्मदाखलो घेवन ये, पुढचा मी बघतंय. पण भितर येवचा? आजपर्यंत माका कोणी विचारूकच नाय रे!" नंतर मला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "तिका एकदा विचारून बघ हां. ती खरीच रवतली मा?"

अर्ज सर्वेशने कॉम्प्युटरवर भरला. घराचा पुरावा मागितला तसं मी मोठ्या दिमाखात विजेचं बिल काढून दिलं. ते परत आलं, कारण त्यावर आमच्या आजोबांचं नाव. घर आजोबांचं, आजोबा स्वर्गात, आणि सातबाऱ्यावर एवढे भाऊबंद की तो वाचताना मध्ये चहा घ्यावा लागतो. माझं आधारकार्ड म्हटलं तर ते कट्ट्याच्या भाड्याच्या खोलीचं, नोकरीच्या दिवसांतलं. ज्या घरात मी जन्मलो त्या घरात मी राहतो असा एकही कागद माझ्यापाशी नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सर्वेश म्हणाला, "बाबा, तुमचो अर्ज न्हय हो, तिचो आसा." शेवटी पंचायतीचा दाखला जोडून भागलं, आणि राहिली फक्त पोलिसांची चौकशी.

इथे मी चूक केली. चौकशी आपल्या पायांनी आली असती. पण आयुष्यभर दुसऱ्याचे कागद अडवून ठेवलेल्या माणसाला आपला कागद अडलेला बघवत नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस ठाण्यात गेलो. चौकशी शेळके हवालदारांकडे होती. घाटावरचे गृहस्थ, नुकतीच बदली होऊन आलेले, आवाज शांत आणि अक्षर सुरेख. अक्षर बघूनच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

"काका, आम्ही सांगून येत नसतो," ते म्हणाले. "सांगून आलो तर भाड्यानं आणलेली बायकोपण घरात बसती."

"केव्हाही या साहेब! सकाळी या, दुपारी या. आमच्या घराला कुलूप हा प्रकार नाही. आम्ही नसलो तर शेजारी आहेत, शेजारी नसले तर अख्खं गाव आहे. गाव काय उठून जाणार आहे?"

हे शेवटचं वाक्य मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

घरी परतलो तर रवळनाथाच्या देवळात ढोल वाजत होता. मानकरी धोंडू गावकार चव्हाट्यावर उभा राहून सांगत होता, की देवाने कौल दिला, यंदा गावपळण, आणि दिवस मावळायच्या आत निघायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन-चार वर्षांतून एकदा देवाने कौल दिला की आमचं अख्खं गाव घरदार बंद करून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन रात्री गावात दिवा लागत नाही. मग पुन्हा कौल घ्यायचा, देव हो म्हणाला तर परतायचं. असं का, हे मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं आणि त्यांनी कानाखाली उत्तर दिलं होतं. यंदाचं वर्ष गावपळणीचं, हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. विसरलो एकटा मी.

ठाण्यात फोन लावला. शेळके बाहेर गेलेले. फोनवरच्या माणसाला म्हटलं, "आमचं गाव तीन दिवस गावात नाही." तो म्हणाला, "मग कुठे गेलंय?" म्हटलं, "वेशीबाहेर." तो म्हणाला, "परत आलं की सांगा," आणि फोन ठेवला.

मी धोंडूकडे धावलो. "धोंडू, देवाला एक विनंती कर. सगळं गाव जाऊ दे, आमची सून तेवढी घरात राहू दे. चौकशीला साहेब येणार आहेत."

धोंडूने विडी विझवली. "तात्यानू, भायरच्या माणसाक देवाचो हुकूम लागू नाय. गेल्या खेपेक रस्त्याचे कामगार रवलेच हुते मा? तुमची सून भायरची म्हणा, खुशाल रवांदे. पण ती गावची आसात तर तिका जावक होया. तुम्हीच सांगा, ती गावची की भायरची?"

आता बोला! घरात राहिली तर गावच्या लेखी परकी, आणि गावाबरोबर गेली तर सरकारच्या लेखी बेपत्ता. एवढा पेच माझ्या उभ्या नोकरीत माझ्या टेबलावर आला नव्हता, आणि आला असता तर मी तो दुसऱ्या टेबलावर सरकवला असता. घरी येऊन मी सगळ्यांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. शेवटी म्हटलं, कायदा बघता मारिसेलने घरात राहणंच योग्य.

मारिसेल कोंबड्या झाकत होती. तिचं मालवणी यशोदेकडून आलेलं, त्यामुळे त्यात यशोदेचा ठसकाही आहे. ती म्हणाली, "बाबा, सगळी गेल्यार मी एकटी हंय काय करू? कोणाच्या घराक कुलूप, कोणाचो दिवो नाय. त्येका काय रवणा म्हणतत? मी येतलंय." आणि कोंबड्यांचं खुराडं उचलून चालायला लागली. मला राग आला. तिच्यासाठी मी ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि हिने कोंबड्या घेऊन निघावं! रागाच्या भरात मी कागदांची पिशवी उचलली आणि तिच्या मागून चालू लागलो, कारण मागे राहिलो तर मीसुद्धा बाहेरचा ठरलो असतो.

आमची वेस म्हणजे व्हाळ. ओढाच तो, पण पावसाळ्यात स्वतःला नदी समजतो. अलीकडे खैरवणं, तालुका मालवण. पलीकडे माळ, तालुका देवगड. मध्ये लोखंडी साकव, पायी जाण्यापुरता पूल. त्या माळावर माडाच्या झावळ्यांच्या खोप्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या, आणि माणसं जी खुशीत आली म्हणता! भजनं काय, पत्ते काय. वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ खोपीला खोप लागल्यामुळे नाइलाजाने बोलायला लागले. मारिसेल बायकांत बसून तिसऱ्यांचे शिंपले कापत होती. मी मात्र साकवाच्या तोंडाशी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. फोनला रेंज नव्हती. "तात्यानू, थंय काय टोलनाको घातलास?" बाबली विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाच्या बाजूने शेळके चालत आले. कुठूनतरी वरच्या रस्त्याने मोटारसायकलवरून ते गावात शिरले होते, आणि कुलूप नसतं म्हणून सांगितलेल्या घराला कुलूप बघून दारोदार हाका मारत हिंडले होते. चेहरा पांढराफटक. अख्ख्या गावात एक कुत्रंही भुंकलं नाही म्हटल्यावर कोणाचाही होईल.

"काका!" ते पलीकडून ओरडले. "काय झालंय गावाला? साथबीथ आलीय का?"

"काही नाही साहेब, सगळे मजेत आहेत! इकडे या!"

"तुम्ही इकडं या!"

"आम्हाला येता येत नाही!"

"का?"

"देवाची परवानगी नाही!"

शेळक्यांनी व्हाळाच्या दोन्ही काठांकडे बघितलं. मग म्हणाले, "मलाबी तिकडं येता येत नाही. पलीकडं देवगड तालुका. तिथं मी चौकशी केली तर ती चौकशीच नव्हं. तिथं मी नुसता शेळके."

मी मारिसेलला हाताला धरून पुढे आणलं. "ही बघा साहेब, ही सून! समोर आहे!"

"दिसतंय. पण हद्दीबाहेर हाय." त्यांनी डायरी उघडली आणि त्या शांत आवाजात वाचून दाखवलं, "सदर पत्त्यावर अर्जदार मिळून आली नाही. शेजारी मिळून आले नाहीत." पान उलटलं. "गाव मिळून आले नाही. आता काका, ह्याच्यापुढं मी काय लिहू?"

यशोदेने पदर तोंडाला लावला. सर्वेश, जो सकाळपासून "बाबा, जरा गप रवा" एवढंच म्हणत होता, तोही व्हाळाच्या काठाला येऊन उभा राहिला. शेळक्यांना दया आली असावी. जमलेल्या लोकांकडे बघून ते शेवटचा प्रयत्न म्हणून ओरडले, "अहो, ह्या बाई तुमच्याच गावच्या का?"

आता आमच्याकडे गाऱ्हाणं घालताना मानकरी एकेक वाक्य म्हणतो आणि त्यावर सगळ्यांनी एका सुरात साथ द्यायची असते. गावपळणीत तर ती सवय जिभेवर तयारच असते. अख्खा माळ गरजला, "होय महाराजा!"

"महाराज म्हणू नका," शेळके दचकून म्हणाले. "मी हवालदार हाय."

आणि तेवढ्यात माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. मी धोंडूला विचारलं, "देवाची हद्द नेमकी कुठे संपते?" त्याने गावाकडच्या काठावर, साकवाच्या तोंडाशी पुरलेला शेंदरी धोंडा दाखवला. मग शेळक्यांना विचारलं, "तुमचा तालुका नेमका कुठे संपतो?" ते म्हणाले, "व्हाळाच्या मधोमध." मी पिशवी छातीशी धरून उभा राहिलो. "म्हणजे त्या धोंड्यापासून मधल्या खांबापर्यंत अर्धा साकव तुमच्या हद्दीत आहे, पण देवाच्या हद्दीत नाही! तिथे तुम्हीही येऊ शकता आणि आम्हीही!"

शेळके विचारात पडले. धोंडू विचारात पडला. दोघांनाही काही हरकत सापडेना. शिपाईसुद्धा माझं ऐकत नसे अशा नोकरीनंतर हा क्षण आला, आणि तो बघायला हायस्कुलातलं कोणी नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग त्या अर्ध्या साकवावर चौकशी झाली. एका बाजूला शेळके, समोर आम्ही चौघं, आणि खालून पाणी. साकव इतका हलत होता की शेळक्यांचं सुरेख अक्षर बिघडत होतं. लग्न कधी झालं, कुठे झालं, सगळं झालं. शेवटी ते यशोदेकडे वळले. "सून कशी आहे, मावशी?"

यशोदेला मी आधीच पढवून ठेवलं होतं. गुणी आहे, घरात मिसळली आहे, आम्ही समाधानी आहोत. एवढी तीन वाक्यं. यशोदेने घसा साफ केला, सुनेकडे पाहिलं, आणि कोण जाणे काय अंगात आलं.

"खरा सांगू साहेबांनू? ही माझ्या माशांच्या तिकल्यात कोकमाची सोला सोडून व्हिनेगर ओतता. माझो आडाळो, माझ्या आवशीन दिलेलो, त्येच्यार माझ्याआधी जावन बसता आणि खोबरा असा किसता की करवंटी पण जाता त्येच्यात! न्हाणीत गाणी म्हणता. आणि ह्या माझ्या घोवाक चार चार येळा चाय करून दिता, तेंका साखर आसा म्हणान सांगान सांगान माझी जीभ झिजली!"

"यशोदे!" मी ओरडलो. झालं, संपलं सगळं, असं मला वाटलं.

"आये, तुया काय करतंस?" मारिसेल उसळली. "माझ्या नव्या चपलांर सुके बांगडे वाळत घातलंस! आणि चाय बाबा मागतत, मी दितंय. तू दिणंस नाय म्हणान माझ्याकडे मागतत!"

"मागतत? चोरून?" यशोदा आता माझ्याकडे वळली. सर्वेश दोघींच्या मध्ये गेला आणि दोघींकडूनही बोलणी खाऊन परत आला. साकव गदागदा हलायला लागला. माळावरची मंडळी पत्ते टाकून काठाशी येऊन बसली होती.

शेळक्यांनी डायरी मिटली. "बास, बास. पटलं."

"साहेब, ती तशी नाही, गुणी आहे—" मी म्हणालो.

"काका, खोट्या लग्नाच्या लय चौकश्या केल्यात मी. तिथं सासू सुनेचं नुसतं कौतुक करती. चपलांवर बांगडे एका घरात राहिल्याशिवाय वाळत नसतात." ते वळले, साकवाचा कठडा धरून सावकाश चालू लागले. धोंड्यापाशी थांबून म्हणाले, "आणि आज गावात मिळून आला तो एकटा मी. म्हणजे परका मीच की."

तिसऱ्या रात्रीनंतर सकाळी मानकरी कौल घ्यायला देवळात गेले. आम्ही सगळे सामान बांधून धोंड्यापाशी उभे. देव पहिल्या खेपेला बोलला नाही, आणि मला एकदम वाटलं, हाही अर्ज परत येतो की काय. मग ढोल वाजला. धोंडू परत येऊन वेशीवर उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. गुरांसाठी, पोरांसाठी, मुंबईच्या चाकरमान्यांसाठी. आणि मग म्हणाला, "बा देवा, परबांच्या घरात जी कोण लेक दर्या वलांडून इली आसा, ती तुझ्या हुकमान भायर पडली, तशी तुझ्याच हुकमान आज घराक येता हा. तिका आपली म्हणान भितर घे, रे महाराजा!"

मी शिकलेला माणूस. देवळात मी नुसते ओठ हलवतो. त्या दिवशी "होय महाराजा!" माझ्या तोंडून एवढ्या जोरात गेलं की पुढे उभ्या असलेल्या बाबलीने कान चोळला. मारिसेल खुराडं डोक्यावर घेऊन वेस ओलांडून आत गेली, आणि मला डोळे पुसावे लागले.

शिमग्याच्या आधी व्हिसा आला. सोबतच्या राहण्याच्या परवान्यावर मारिसेलचा फोटो, तिचं नाव आणि खाली आमच्या घराचा पूर्ण पत्ता, वाडीसकट. यशोदेने तो देवासमोर ठेवला आणि त्या दिवशी तिकल्यात व्हिनेगर पडलं तरी ती काही बोलली नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मला पेन्शनचं खातं जवळच्या शाखेत आणायचं होतं. त्यात काय एवढं, म्हणून गेलो. खिडकीतल्या मुलीने आधार बघितलं, तो कट्ट्याचा पत्ता. बिल बघितलं, ते आजोबांचं. पंचायतीचा दाखला बँकेला चालत नव्हता. तिने विचारलं, "काका, त्या घरात राहतो असा सरकारी कागद कोणाकडेच नाही का?" मी पिशवीतले कागद पुन्हा चाळले. मग सांगितलं, सुनेकडे आहे. ती म्हणाली, "मग त्यांच्याकडून लिहून आणा, की तुम्ही त्यांच्याकडे राहता."

घरी येऊन मी मारिसेलसमोर कागद ठेवला. तिने पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि शेळक्यांच्याच शांत आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही खरेच हंय रवतास मा? पुरावो काय?"

मी तोंड उघडणार, तोच यशोदेने स्वयंपाकघरातून माझ्या तक्रारी सांगायला सुरुवात केली. मारिसेल लिहीत गेली. पान पुरलं नाही.